दर्यात गेलेल्यांची नावं

कोकणातल्या आपल्या घरांत अजूनही एखादी जुनी पत्र्याची पेटी निघते. तिच्या तळाशी बोटीवरच्या नोकरीचे पिवळे पडलेले कागद असतात, कधी एखादी तार असते. नातवाला एवढंच ठाऊक असतं, 'दादीचे थोरले भाऊ लढाईत बोटीवर गेले, ते परत आले नाहीत.' कोणती लढाई, कोणती बोट, हे सांगणारी माणसं आता कबरस्तानात निजली आहेत.

रत्नागिरी-कुलाब्याच्या बंदरपट्टीतली आपली माणसं मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर खलाशी, टंडेल, सारंग म्हणून चढत. सारंग बहुधा आपल्या गावची, नात्यातली पोरं बरोबर नेई. त्यामुळे एक बोट बुडाली की एकाच मोहल्ल्यातल्या दोन-तीन घरांवर आकाश कोसळे. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथाईच्या आसपास. 1939 साली लढाई सुरू होताच हिंदी खलाशांनी विलायतेच्या बंदरांत पगारवाढीसाठी काम नाकारलं, तेव्हा शेकडोंना तुरुंग दाखवण्यात आला. ही माणसं फौजेत नव्हती. त्यामुळे कुठल्या पलटणीच्या इतिहासातही ती आली नाहीत.

17 सप्टेंबर 1940 रोजी 'सिटी ऑफ बनारस' ही बोट जर्मन पाणबुडीने अटलांटिकमध्ये बुडवली. कॅनडाला सुरक्षित धाडलेल्या 90 इंग्रज मुलांपैकी 77 मुलं गेली. वाचलेल्यांची एक होडी 46 माणसांनिशी आठ दिवस दर्यात भरकटली. त्या होडीतल्या मुलांच्या आठवणी पुस्तकांतून जगभर गेल्या. त्याच होडीत निम्म्याहून अधिक हिंदी खलाशी होते. त्यांची हकिगत मात्र कुणी विचारली नाही, आणि त्यांच्या घरच्यांनीही ती लिहून ठेवली नाही.

मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात दर्यात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी व्यापारी जहाजांवरच्या सुमारे सहा हजार मृतांची नावं एका स्मृतिग्रंथात आहेत. त्याची एक प्रत मुंबईला, दुसरी चितगावला. इंग्रजी कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं नाव, हुद्दा, बोट, एवढंच अनेकदा हाती लागतं. म्हणजे ग्रंथात नाव आहे, पण घर नाही. आणि आपल्या घरात आठवण आहे, पण बोटीचं नाव नाही. या दोन अर्ध्या गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत.

सर्वांत मोठं ओझं बायकांनी वाहिलं. 'बेपत्ता' अशी तार आली की तिने इद्दतीला बसायचं की वाट पाहायची? लढाईआधी काही महिनेच, 1939 साली, मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा झाला होता. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बाईला निकाह तोडून मागता येत होता. पण कोर्टाची पायरी चढणं गावच्या बाईला कुठलं जमणार? आपण शाफई, आपल्याकडे गायबाना जनाजाची नमाज जायज. पण गेल्याची खात्रीच नसेल तर नमाज तरी कुणाची पढायची? कित्येकींनी आयुष्यभर दाराकडे डोळे लावले. हा इतिहास कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.

वीर म्हणून मिरवायला आपल्याला ही नावं नकोत. ती माणसं पोटासाठी गेली होती, परक्याच्या लढाईत मेली. पण आपल्या इतिहासाची पानं कोरी आहेत अशी तक्रार आपण नेहमी करतो. त्यातली काही पानं आपणच पेटीत बंद ठेवली आहेत. प्रत्येक गावच्या जमातीने एक साधी वही घालावी. खलाशाचं नाव, बापाचं नाव, गाव, बोट, साल, आणि घरात जे सांगितलं जातं ते, जसं सांगितलं जातं तसं, आपल्या बोलीत. ऐंशी-नव्वदीतली जी म्हातारी माणसं अजून ओट्यावर बसलेली आहेत, त्यांच्यापाशी आधी जावं. पेटीतल्या कागदाला वाळवी लागते. माणसाच्या आठवणीला तेवढीही उसंत नसते.