गूगल रीडर बंद झालं तेव्हा : सेवा सोडताना सोबत काय येतं?



रिसर्चला लागताना आपण गाईड, विषय, फेलोशिप याबद्दल दहा जणांना विचारतो. आपलं काम साठवायचं कुठे, हे मात्र कोणालाच विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं. एमएस्सीच्या पोस्टरवर मी विभागाने दिलेला ईमेल छापला आणि पास झाल्यावर काही महिन्यांत ते खातं बंद झालं. त्या पत्त्यावर नंतर कोणी डेटा मागितला असेल, तर ते मला कधीच कळणार नाही. म्हणून आज थोडा इतिहास सांगते.

गूगलने ऑक्टोबर २००५ मध्ये 'रीडर' सुरू केलं. ब्लॉग, बातम्या, जर्नलचे नवे लेख, सगळं एका जागी वाचायची सोय. त्यामागचं आरएसएस हे तंत्र गूगलचं नव्हतं. ते १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झालं होतं आणि कोणालाही वापरता येत होतं. पुढे १३ मार्च २०१३ ला गूगलने जाहीर केलं की वापर घटलाय, १ जुलैला रीडर बंद.

आता पुढे काय झालं बघा. फीडली या दुसऱ्या सेवेच्या सांगण्यानुसार ४८ तासांत रीडरचे ५ लाखांहून जास्त लोक तिच्याकडे आले. इतक्या पटकन कसं जमलं? कारण तुम्ही काय काय वाचता याची यादी ओपीएमएल नावाच्या साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येत होती. आणि मूळ लेख तर ज्याच्या त्याच्या वेबसाइटवरच होते. वाचायचं दुकान बदललं, एवढंच.

पण सगळं नाही आलं. बंद पडलेल्या कित्येक ब्लॉगचे जुने लेख रीडरने साठवून ठेवले होते. ते वाचवायला आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी शेवटच्या दिवसांत धावपळ केली. एरवी ती नोंद कोणाच्याच यादीत नव्हती.

जीमेलचं उलट आहे. २००७ पासून आयमॅपची सोय असल्यामुळे पत्रं बाहेर काढता येतात, पण पत्ता सोबत येत नाही. आणि पेपरवर छापलेला असतो तो पत्ताच!

'फुकट' हा शब्दही कायमचा नसतो. शिक्षणसंस्थांना मिळणारी अमर्याद साठवण गूगलने २०२१ मध्ये मर्यादित करायचं जाहीर केलं. २०२२ पासून अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी, असा मूळ हिशोब ठरला.

म्हणून कुठलीही सेवा घेताना तीन गोष्टी तपासा. फाइल बाहेर निघते का? ती दुसरीकडे उघडते का? आणि लोक तुम्हाला शोधतात ती ओळख कोणाच्या मालकीची आहे? ओळखीसाठी ऑर्किड क्रमांक आजच काढा. तो संस्था बदलली तरी तुमचाच राहतो. माझ्या त्या पोस्टरवर तो असता, तर विचारणाऱ्याला मी सापडले असते.