शहर वाढते, पक्षी बदलतात

जळगाव किंवा धुळ्यात एखाद्या जुन्या कडुनिंबाच्या ढोलीतून सायंकाळी पिंगळ्याची जोडी बाहेर डोकावताना दिसते. दिव्याच्या खांबाभोवती जमणारे किडे, पाली, उंदीर हे तिचे भक्ष्य. त्याचा चुलतभाऊ म्हणावा असा रानपिंगळा मात्र शहराच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. १८८४ नंतर या रानपिंगळ्याची खात्रीलायक नोंद नव्हती आणि तो नामशेष झाल्याचे मानले जात होते. पामेला रासमुसेन, बेन किंग आदी अमेरिकी पक्षितज्ज्ञांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तो शहाद्याजवळ, म्हणजे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा आढळला. दोघांचा आकार जवळपास सारखा, दोघांचेही घरटे झाडाच्या ढोलीत. तरी एक माणसाच्या दारात रमतो आणि दुसऱ्याला सातपुड्यातील सागाचे जंगलच लागते. शहरीकरण पक्ष्यांची निवड कशी करते, हे समजून घेण्यासाठी खानदेशाला दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

शहर वाढले की पक्षी कमी होतात, हा समज अर्धाच खरा आहे. पक्ष्यांची एकूण संख्या पुष्कळदा कायम राहते, क्वचित वाढतेही. घटतात त्या जाती. अभ्यासक शहरी पक्ष्यांचे ढोबळमानाने तीन गट करतात. माणसाच्या वस्तीवरच पोसले जाणारे कावळा, पारवा, साळुंकी आणि घार हे पहिल्या गटात. पारवा मुळात कड्याकपारींत राहणारा. इमारतींचे सज्जे आणि वातानुकूलन यंत्रांमागील फटी हेच त्याचे नवे कडे. बुलबुल, दयाळ, शिंपी, तांबट, भारद्वाज हे बागांशी जुळवून घेणारे. तिसरा गट शहर टाळणाऱ्यांचा. चंडोल, तितर, लावा, रातवा हे जमिनीवर घरटे करतात. जेथे गवत दर पंधरवड्याला कापले जाते आणि मोकाट कुत्री हिंडतात, तेथे त्यांची अंडी टिकणार कशी?

खानदेशात या तिसऱ्या गटाचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण येथील मूळ निसर्ग घनदाट अरण्याचा नव्हे, तर माळरान, गवताळ कुरणे, बोर-बाभळीची झुडपे आणि नदीकाठच्या वृक्षांचा आहे. मेहरूणची बोरे जळगावची ओळख. बोरीची काटेरी झुडपे ही लहान पक्ष्यांची घरटी सांभाळणारी तटबंदीही असते. धुळ्याजवळील लळिंगचे कुरणही असेच. (१९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या लळिंगच्या बंगल्यात मुक्कामी होते, त्याचे नावच लांडोर बंगला.) मात्र शासकीय भाषेत अशी जमीन ‘पडीक’ ठरते. २००३ मध्ये दोन्ही शहरांत महापालिका आल्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार, तर धुळ्याची सुमारे पावणेचार लाख होती. वसाहती पसरल्या, तशी ‘पडीक’ जागा आधी भूखंड झाली आणि उरलेल्या तुकड्यावर हिरवळ, कारंजे, फरशीची पायवाट असे उद्यान आले. नकाशात ते हिरवे दिसते. चंडोलाच्या दृष्टीने मात्र ते सिमेंटच्या मैदानाहून फारसे वेगळे नसते.

झाडांचेही तसेच. वड, पिंपळ, उंबर फळले की राज्यपक्षी हरियाल, तांबट, कोकीळ आणि राखी धनेश त्यांवर गोळा होतात. गुलमोहर शोभिवंत खरा, पण तो मूळचा मादागास्करचा आणि त्याला पक्ष्यांना खाण्याजोगे फळ नाही. झटपट वाढते म्हणून लावल्या जाणाऱ्या परदेशी कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरातने २०२३ मध्ये बंदीच घातली. ढोल्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. धनेश, पिंगळा, पोपट यांना जुनी, जाड खोडाची झाडे हवीत. राज्याच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षांवरील झाडांना ‘प्राचीन वृक्षा’चा दर्जा मिळाला आणि असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट आली. हिशेब कागदावर चोख आहे. परंतु पन्नास रोपांत मिळून एकही ढोली नसते.

चिमणीची कथा थोडी निराळी. धाब्याच्या घरांतील लाकडी कड्यांच्या फटी, भिंतीवरील तसबिरींची मागची बाजू ही तिची हक्काची जागा होती. स्लॅबच्या घरात ती उरली नाही. पिलांना दाणे नव्हे, अळ्या-किडे लागतात. फवारलेल्या बागेत तेही दुर्मिळ. तरीही चिमणी संपली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२० च्या अहवालानुसार देशात तिची संख्या बरीचशी स्थिर आहे. घट दिसली ती महानगरांत. सुगरणीचा आधार मात्र खरोखरच सुटत चालला आहे. जळगावनजीकच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंनी ज्या सुगरणीच्या खोप्याला कवितेत अमर केले, तिला विहिरीवर झुकलेली बाभूळ आणि विणण्यासाठी लांब पात्यांचे गवत लागते. वसाहतीत विहीर बुजते, बाभूळ तुटते.

तलावांकडे पाहिले तर हाच क्रम दिसतो. तापीवरील हतनूर धरणाच्या उथळ, चिखलाच्या काठांवर हिवाळ्यात स्थलांतरित बदके आणि चिखलपक्षी उतरतात. शहरातील तलावाला दगडी बांध घातला, काठाला दिवे लावले की चिखलाची पट्टी जाते आणि तिच्यासोबत तुतवारही. मागे राहतात वंचक, गायबगळे, खंड्या आणि सांडपाणीही चालवून घेणारा शेकाट्या. मेहरूण तलावाभोवती फिरायला जाणाऱ्यांनी आणि धुळ्याच्या नकाणे तलावाकाठी थांबणाऱ्यांनी गवत व वेत असलेला काठ आणि बांधलेला काठ यांवरील पक्षी वेगवेगळे मोजून पाहावेत.

त्यासाठी मुहूर्तही उपलब्ध आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा सलीम अली यांचा जन्मदिन. या दोन तारखांदरम्यान राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह पाळला जातो. तोवर हिवाळी पाहुणे येऊ लागलेले असतात आणि पावसाळ्यातील उंच गवत अद्याप कापले गेलेले नसते.