एका बागेचें क्रांतिवर्ष

फ्रेंच राज्यक्रांतीचा इतिहास वाचतांना आपली दृष्टि साहजिकच वधस्तंभाकडे व व्यासपीठाकडे वळते. राजाचा शिरच्छेद, पक्षोपपक्षांचीं भांडणें, सरहद्दीवरील युद्धें, या गर्दींत पॅरिसमधील एका बागेचा कारभार कोणास आठवणार? परंतु जून १७९३ पासून पुढें सुमारें एक वर्ष त्या बागेंत जें घडलें त्याकडे पाहिलें असतां, राजाची मालमत्ता लोकांची होते म्हणजे प्रत्यक्षांत काय होतें, हें जितकें स्पष्ट कळतें तितकें तें सभागृहांतील व्याख्यानांवरून कळत नाहीं.

ही बाग मुळांत राजाची. तेराव्या लुईनें औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठीं १६३५ सालीं ती स्थापिली, आणि १६४० मध्यें ती लोकांस खुली झाली. पुढें १७३९ पासून १७८८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, बुफाँनें तिचा कारभार पाहिला व वैद्यांच्या वाफ्यांचें सृष्टिविज्ञानाच्या पीठांत रूपांतर केलें. १० जून १७९३ रोजीं कन्व्हेन्शन नांवाच्या राष्ट्रसभेनें, लाकानाल याच्या पुढाकारानें, या राजोद्यानाचें राष्ट्रीय संग्रहालय केलें. एका मुख्याधिकाऱ्याच्या जागीं समान दर्जाचे बारा प्राध्यापक आले, आणि आपला अध्यक्ष त्यांनीं आपल्यांतूनच निवडावा असें ठरलें.

याला दोन महिने होतात न होतात तोंच, ८ ऑगस्टला, त्याच राष्ट्रसभेनें विज्ञानाच्या अकॅडमीसह सर्व राजाश्रित अकॅडम्या बंद केल्या! ज्या हातानें एक विद्यासंस्था मोडली त्याच हातानें दुसरी उभारली. या भेदाचें कारण शोधूं गेल्यास तें बागेच्या फाटकापाशीं सांपडतें असें मला वाटतें. अकॅडमी ही निवडक विद्वानांची बंदिस्त सभा होती; बागेंत मात्र कोणीहि यावें, झाड पाहावें, व्याख्यान ऐकावें, अशी दीडशें वर्षांची वहिवाट होती. लोकांच्या पायाखालची वाट ज्या संस्थेंतून जाते, ती संस्था मोडण्यास मोडणाऱ्याचाहि हात कचरतो.

या बारा प्राध्यापकांची जुळवाजुळव मोठी चमत्कारिक होती. अध्यक्षपद मिळालें तें सत्त्याहत्तर वर्षांच्या दोबांतों यास. मेंढ्यांची अवलाद सुधारण्यांत त्यानें आयुष्याचा मोठा भाग घालविला होता. तुअँ हा तर बागेंतच जन्मला. बाप तेथील मुख्य माळी. तो वारल्यावर सतरा वर्षांच्या मुलानें ते काम हातीं घेतलें, आणि तोच आतां पंडितांच्या पंक्तीस समान मानानें बसला. समतेवर त्या वर्षीं पॅरिसमध्यें जीं भाषणें झालीं, त्यांतील एकहि भाषण या माळ्याच्या प्राध्यापकपदाइतकें बोलकें नसेल. लामार्क एकोणपन्नास वर्षांचा, वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नांवाजलेला. त्याच्या वांट्यास कीटक व कृमि आले. जोफ्र्वा सांतिलेर अवघा एकवीस वर्षांचा. तो शिकला खनिजें, आणि शिकवायचें होतें चतुष्पादांविषयीं व पक्ष्यांविषयीं!

चतुष्पाद शिकवावयाचे, पण जिवंत चतुष्पाद बागेंत होते कोठें? आदल्या वर्षींच बागेचा तेव्हांचा अधिकारी, कादंबरीकार बर्नार्दँ द सँ-प्येर, यानें येथें एक प्राणिसंग्रह असावा अशी लेखी विनवणी केली होती. ती कागदावरच राहिली. तें काम शेवटीं झालें तें पोलिसांच्या हुकुमानें. रस्त्यावर जनावरांचे खेळ दाखविण्यास मनाई झाली, आणि ४ नोव्हेंबर १७९३ रोजीं जप्त केलेलीं जनावरें मालकांसह बागेच्या दारांत येऊन उभीं राहिलीं. त्यांत बिबळ्या होता, पांढरें अस्वल होतें, माकडें होतीं. पिंजऱ्यांसाठीं जागा नाहीं, खर्चास मंजुरी नाहीं, वरिष्ठांची आज्ञा नाहीं. नियमांत राहावयाचें तर त्यांना परत पाठविणें हाच मार्ग होता. जोफ्र्वानें तीं आपल्या जबाबदारीवर आंत घेतलीं. मालकांस पुढें मोबदला मिळाला.

त्या वेळीं पॅरिस उपाशी होतें. भाव कायद्यानें बांधले गेले होते, भाकरीसाठीं रांगा लागत होत्या. अशा शहरांत बिबळ्याला मांस घालावें काय, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नव्हता, नीतीचा होता. आणि त्याचें सोपें उत्तर तेव्हांहि नव्हतें, आजहि नाहीं. तरी प्राणी ठेवले गेले. १७९४ च्या वसंतांत व्हर्सायच्या राजेशाही संग्रहांतले उरलेसुरले प्राणीहि आले. एक सिंह होता, त्याच्या सोबतीस कुत्रा होता; आणि एक क्वागा होता, म्हणजे अंगाच्या पुढच्या भागावरच ठळक पट्टे असलेला झेब्र्याचा आफ्रिकी भाऊबंद. राजाचा गेंडा १७९३ मध्येंच मेला होता. तो संग्रहालयास सांगाड्याच्या रूपानें मिळाला.

स्वातंत्र्याचा घोष करणाऱ्यांनीं प्राण्यांचे गज मात्र काढले नाहींत, हें येथें सांगितलेंच पाहिजे. पिंजऱ्याचा धनी बदलला, पिंजरा राहिला. तो क्वागा १७९८ मध्यें मेला. त्याचें पेंढा भरलेलें कातडें त्या संग्रहालयांत आजहि आहे, आणि ती जात मात्र १८८३ सालीं ॲम्स्टरडॅममध्यें शेवटचा क्वागा मेल्यावर पृथ्वीवरून नाहींशी झाली. जतन करणें व जिवंत ठेवणें यांतील अंतर मोजण्यास याहून बोलकें माप मिळणार नाहीं.

परंतु त्या धांदलीच्या वर्षाचें फळहि लहान नव्हे. इतरांनीं तुच्छ लेखिलेले कृमिकीटक हाताळतां हाताळतां लामार्क जीवजाती बदलत जातात या विचारापर्यंत पोंचला, व १८०९ मध्यें त्यानें तो ग्रंथरूपानें मांडला. जोफ्र्वाहि प्राण्यांच्या शरीररचनेचा मोठा मीमांसक झाला.

ठरावानें संस्थेला नांव मिळतें, पदें मिळतात. परंतु दारांत उभें असलेलें जनावर उद्यां सकाळीं काय खाईल, या प्रश्नाचें ओझें कोणी तरी आपल्या अंगावर घेईपर्यंत ती संस्था कागदावरच असते. दहाव्या जूनला त्या बागेचें नांव बदललें. ती राष्ट्राची झाली ती माझ्या मतें चौथ्या नोव्हेंबरला, एकवीस वर्षांच्या एका तरुणानें मंजुरीची वाट न पाहतां फाटक उघडलें तेव्हां.