नाव झाकून, नाव उघडून

बी. ए.च्या परीक्षेत आम्हाला एक हमखास प्रश्न असे : ‘पुढील ओळींतील अलंकार ओळखा व स्पष्ट करा.’ उपमेय कोणते, उपमान कोणते, साम्यवाचक शब्द कोणता, एवढे लिहिले की गुण पदरात पडत. कविता कुणाची आहे, हे लिहायची गरज नसे. त्यावेळी मला तो प्रश्न रुक्ष वाटायचा. स्वतः कविता लिहू लागलो आणि त्यांच्यावरची परीक्षणे वाचू लागलो, तेव्हा मात्र त्याची किंमत कळली.

गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स नावाचे एक प्राध्यापक होते. ते विद्यार्थ्यांना कविता वाटत; पण कवीचे नाव, काळ, काही सांगत नसत. ‘वाचा, पुन्हा वाचा आणि काय वाटले ते लिहून आणा,’ एवढेच सांगत. असे तेरा कवितांवरचे अभिप्राय घेऊन त्यांनी १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. निष्कर्ष धक्कादायक होता. डन, हॉपकिन्स यांच्यासारख्या थोर कवींच्या कविता अनेक विद्यार्थ्यांनी झिडकारल्या होत्या आणि सामान्य कवींची वाहवा केली होती. ही साहित्य शिकणारी हुशार मुले होती. पण पुष्कळांना कवितेचा साधा अर्थही लावता आला नव्हता. कुणी स्वतःच्या आठवणींत वाहून गेले होते, कुणी मनात आधीच तयार असलेली ठरीव प्रतिक्रिया कवितेला चिकटवली होती. नावाचा आधार काढून घेतल्याबरोबर वाचक उघडा पडला होता.

याच रिचर्ड्स यांनी पुढे १९३६ च्या एका पुस्तकात तक्रार केली, की रूपकाचे दोन घटक वेगळे दाखवायला इंग्रजीत नेमके शब्दच नाहीत. म्हणून त्यांनी दोन नवे शब्द योजले. आपल्याकडे उपमेय आणि उपमान हे शब्द हजार वर्षांहून अधिक काळ वापरात आहेत आणि शाळेतल्या मुलांनाही ते पाठ असतात. हत्यार आपल्या घरात होते. आपण ते परीक्षेपुरते बाहेर काढत होतो.

रिचर्ड्स मला जवळचे वाटले, त्याला एक घरगुती कारण आहे. माझ्या एका कवितेत पहाटेचा उजेड जात्यातून पीठ सांडावे तसा सांडतो. एका परीक्षणकर्त्यांनी त्या ओळीत ‘उर्दू शायरीची नजाकत’ शोधून काढली. स्तुतीच होती, रागवायचे कसे? पण ते जाते आमच्या ओसरीवरचे. माझी दादी आणि शेजारच्या काकू समोरासमोर बसून दळत आणि ओव्या म्हणत. दादीच्या ओव्या मराठीच होत्या. त्या परीक्षणकर्त्यांनी आधी माझे नाव वाचले होते आणि मग कविता. उपमेय उजेड, उपमान पीठ, एवढे जरी त्यांनी कागदावर मांडले असते, तरी त्यांना जाते दिसले असते.

तेव्हापासून मी ठामपणे म्हणत आलो, की कविता नाव झाकूनच शिकवावी. हा ठामपणा पुढे एका शब्दाने मोडला. तो शब्द विजापूरचा आहे.

विजापूरचा सुलतान इब्राहीम आदिलशाह दुसरा १५८० ते १६२७ या काळात गादीवर होता. त्याला लोक ‘जगद्गुरू’ म्हणत. त्याने दखनी भाषेत रागांवर बांधलेल्या गीतांचा एक संग्रह रचला. त्यात सरस्वती आहे, गणपती आहे, पैगंबर आहेत आणि गुलबर्ग्याचे सूफी बंदेनवाज गेसूदराजही आहेत. संग्रहाचे नाव ‘किताब-ए-नौरस’. हा शब्द सुलतानाला इतका प्रिय, की १५९९ मध्ये त्याने विजापूरजवळ ‘नौरसपूर’ नावाचे शहर वसवायला घेतले. पुढे १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेने ते उद्ध्वस्त केले.

आता ‘नौरस’ हा शब्द परीक्षेच्या पद्धतीने सोडवून पाहू. आपण म्हणू : नऊ रस. भरताच्या नाट्यशास्त्रात मुळात आठ रस. शांत हा नववा नंतर मान्य झाला आणि दहाव्या-अकराव्या शतकात अभिनवगुप्ताने त्याची भक्कम बाजू मांडली. म्हणजे सुलतान थेट भारतीय काव्यशास्त्राशी नाते सांगतो आहे. पण फारसीत ‘नौ’ म्हणजे नवा आणि ‘रस’ म्हणजे पोचलेला. ‘नौरस’ म्हणजे नुकतेच हाती आलेले, ताजे पिकलेले फळ. संस्कृतातही ‘नव’चे नऊ आणि नवा असे दोन्ही अर्थ आहेत आणि फळात रस असतोच. एका शब्दात दोन भाषांचे दोन दरवाजे आहेत आणि दोन्ही उघडे आहेत.

आमच्या वर्गात याला श्लेष म्हणत. फारसी-उर्दूच्या अभ्यासात याच्या जवळचा एक अलंकार आहे : ईहाम. त्यात शब्दाचे दोन अर्थ असतात, एक जवळचा, एक लांबचा. ऐकणारा जवळच्या अर्थाकडे धावतो आणि कवीच्या मनात लांबचा असतो. मग ‘नौरस’मध्ये जवळचा अर्थ कोणता? दख्खनच्या रसिकाला नऊ रस जवळचे. पण या पुस्तकाला फारसी प्रस्तावना लिहिली ती जुहूरीने. तो इराणातून आधी अहमदनगरच्या दरबारात आणि मग विजापूरला आलेला कवी. त्याच्या कानाला ताजे फळ जवळचे. म्हणजे जवळचे काय आणि लांबचे काय, हे शब्दात ठरत नाही. ऐकणारा कुठून आला आहे, त्यावर ठरते.

आणि इथेच माझा हट्ट मोडला. कवीचे नाव, दरबार, काळ झाकून हा शब्द वर्गात ठेवला, तर अर्धाच अर्थ हाती लागेल. संस्कृत काव्यशास्त्र शिकलेला संशोधक एक अर्धा घेईल, फारसी शिकलेला दुसरा. आपल्या विद्यापीठांत या विषयांचे विभाग वेगळे असतात. त्यामुळे प्रत्येक जण आपल्या अर्ध्यावर समाधानी राहण्याचा धोका मोठा आहे. ‘किताब-ए-नौरस’ची संपादित आवृत्ती फारसीचे अभ्यासक नझीर अहमद यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली, मराठीच्या वर्गात मात्र माझ्या कानावर ते नावही पडले नव्हते. विजापूर काही परमुलूख नव्हे. शिवरायांचे वडील शहाजीराजे याच आदिलशाहीत सरदार होते.

मग नाव झाकायचे की उघडायचे? मला वाटते, प्रश्न क्रमाचा आहे. एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी माझीच ती जात्याची कविता नाव न सांगता मुलांना दिली. बहुतेकांनी जाते ओळखले, एकाने बहिणाबाईंची आठवण काढली. मग मी नाव सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, आधी सांगितलं असतं तर आम्ही वेगळंच काहीतरी शोधलं असतं.” थोडे थांबून तिने विचारले, “पण तुमच्या घरी दळताना ओव्या म्हणायचे?”

पहिल्या वाक्यात रिचर्ड्स यांचा सगळा प्रयोग होता. दुसरा प्रश्न मात्र नाव उघडल्याशिवाय तिला सुचलाच नसता. आधी शब्दांना बोलू द्यावे, मग कवीला. मी तिला दादीच्या ओव्यांबद्दल सांगत बसलो. तास संपल्याची घंटा झाली, तरी वर्ग उठला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)