मुंगीची वाट आणि तिचा विसर

मुक्ताबाईंच्या मुंगीवर आयुष्यभर बोलत आलेल्या माणसाने संगणकातील मुंगीवर बोलावे, हे धाडसच होय. परंतु श्रोतेहो, ही कथा केवळ गणिताची नाही.

एका फिरत्या विक्रेत्यास प्रत्येक गावी एकदाच जाऊन स्वगृही परतावयाचे आहे. सर्वांत कमी अंतराची फेरी कोणती? प्रश्न शाळकरी मुलासही कळेल. परंतु त्याच्या गावासह दहा गावे असतील तर १,८१,४४० फेऱ्या संभवतात आणि पंधरा असतील तर ४,३५८ कोटींहून अधिक! एकेक फेरी तपासण्याचा मार्ग येथेच खुंटतो.

नवी वाट कीटकशास्त्राने दाखविली. वाळवीची बांधणी अभ्यासताना फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ साली ‘स्टिगमर्जी’ हा शब्द घडविला. एका कीटकाने करून ठेवलेले काम हीच दुसऱ्यास पुढील कामाची प्रेरणा. मुकादम कोणीच नाही. पुढे ब्रुसेल्स येथे झाँ-लुई देनबूर व त्यांचे सहकारी यांनी अर्जेंटिनी मुंग्यांचे घर आणि अन्न यांच्यामध्ये दोन फाट्यांचा पूल ठेवला. एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब. आरंभी मुंग्या दोन्हीकडे विखुरल्या. आखूड फाट्यावरच्या लवकर परतल्या, त्यामुळे तेथील गंध आधी दाट झाला, आणि गंधामागे इतर मुंग्या आल्या. हा वृत्तान्त १९८९ साली प्रसिद्ध झाला.

त्याचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. प्रथम केवळ लांब फाटा ठेवून अर्ध्या तासाने आखूड फाटा जोडला, तेव्हा बहुतेक मुंग्या जुन्याच वाटेने जात राहिल्या. त्यांचा गंध फार सावकाश विरतो. रूढ झालेली वाट त्यांना सुटेना.

मिलानचे मार्को डोरिगो यांनी कोलोर्नी व मानिएत्सो यांच्यासह १९९१ मध्ये मांडलेली आणि १९९२ च्या प्रबंधात विस्तारलेली गणनपद्धती येथेच निसर्गापासून दूर सरते. त्यांची कृत्रिम मुंगी पाहिलेली गावे ध्यानात ठेवते, फेरी पूर्ण झाल्यावर तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात गंध सोडते. आणि प्रत्येक आवर्तनात जुन्या गंधाचा ठरावीक अंश नाहीसा केला जातो. माझ्या मते खरा शोध हा विसरण्याचा आहे.

१९९५ मध्ये समाजमानसशास्त्रज्ञ केनेडी व विद्युत् अभियंता एबरहार्ट यांनी पक्ष्यांच्या थव्यांवरून दुसरी पद्धती रचली. नंतर काजवे, वटवाघळे, कोकिळा, लांडगे अशी रांगच लागली. जुन्याच कल्पनेस नवे रूपक चढविले जात आहे, असा आक्षेप केनेथ सोरेनसेन यांनी २०१५ साली घेतला. अलंकारशास्त्र शिकविलेल्या मला तो पटतो. डोरिगो यांच्या मुंगीस मात्र तो लागू करता येत नाही. मूळ मुंगी जेथे अडली, नेमके तेथेच त्यांनी तिचे अनुकरण सोडले. त्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रत्येक आवर्तनाअखेर निम्मा गंध उडून जाऊ देणे सर्वांत हितकारक ठरले होते.