सांधेबदलानंतरची दूरस्थ देखरेख

गुडघा किंवा खुबा बदललेल्या रुग्णाची प्रगती त्याला रुग्णालयात न बोलावता फोन, व्हिडिओ कॉल किंवा मोबाइल अ‍ॅपवरून तपासण्याची पद्धत. भारतात 25 मार्च 2020 रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांमुळे अशा सल्ल्याला नियमांची चौकट मिळाली.

गुडघेबदलानंतरचे पहिले काही आठवडे फार मोलाचे. सांधा आखडू न देणे हे तेव्हाचे मुख्य काम. रुग्ण पलंगावर टाच हळूहळू मागे सरकवतो आणि घरातले कोणीतरी मोबाइल बाजूने, गुडघ्याच्या उंचीवर धरते. समोरून धरल्यास गुडघा किती अंशांत वाकला ते कळत नाही. जखमेचा फोटो दिवसाउजेडी काढावा. पिवळ्या दिव्याखाली लाली लपते.

वॉकर घेऊन एसटीत चढणे ज्याला अशक्य, त्या खेड्यातल्या रुग्णाला ही सोय म्हणजे खरोखर मोठा आधार. मात्र सांध्याची स्थिरता हातानेच जोखावी लागते, एक्स-रेलाही जावेच लागते. जखमेतून स्राव, ताप, पोटरीला सूज किंवा अचानक धाप लागल्यास ठरलेल्या कॉलची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.