प्रवरेच्या कालव्याखालचे पाणी

बेलापूरच्या शिवारात काळी माती सरली की मुरूम लागतो, आणि मुरुमाखाली काळा पाषाण. या पाषाणात खाण घालणाऱ्या वडाराची गाठ दोन तऱ्हेच्या पाण्याशी पडते. एक पावसाळ्यात उतारावरून धावत येणारे. दुसरे मुरुमातून व दगडाच्या भेगांतून गुपचूप झिरपणारे. पहिल्यास तो खाणीच्या वरच्या अंगाला चर काढून बाजूने वाट देतो. दुसरे तळाच्या सखल खड्ड्यात जमू देऊन उपसून टाकतो. एकाचा उपाय दुसऱ्यास चालत नाही. निरक्षर वडारास ठाऊक असलेली ही गोष्ट दख्खनच्या कालव्यांच्या इतिहासात मात्र बरीच उशिरा ध्यानी घेतली गेली.

भंडारदऱ्याचे दगडी धरण १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले आणि मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास मिळाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा व उजवा असे दोन कालवे निघाले. जेथे बाजरीसुद्धा आभाळाकडे डोळे लावून पिकावयाची, तेथे उसाचे मळे उभे राहिले; हरेगावी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. हे वैभव लहान नव्हे.

परंतु पाणी आणण्याचा जेवढा विचार झाला, तेवढा ते काढून देण्याचा झाला नाही. इशारा मिळाला नव्हता, असेही म्हणता येत नाही. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा कालव्याखाली जमिनी खारावू लागल्या होत्या, आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरोल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास त्यांचा अभ्यास प्रसिद्धही केला होता. बारमाही उसाला दिलेले पाणी सारेच पिकाच्या मुखी पडत नाही. उरलेले मुरुमात उतरते, सखल भागाकडे सरकते, आणि पुढे वाट न मिळाल्यास वर चढू लागते. मुळे गुदमरतात. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. शेतावर पांढरी खार फुटते व जमीन चोपण होते. यातील अन्याय असा की, ज्याने उसाचे एक कांडेही लावले नाही, त्याचेच शेत केवळ सखल असल्यामुळे बुडावे!

१९१६ साली मुंबई सरकारने पाटबंधाऱ्याचा एक खास विभाग निर्माण केला. खडकवासल्याची जलसंशोधन संस्था पुढे त्यातूनच वाढली. या कामाशी इंग्लिस या इंजिनियराचे नाव विशेष निगडित आहे. काळ्या मातीतच थांबलेला उथळ चर पावसाचे पाणी नेतो; खालच्या पाण्यास तो हलवू शकत नाही. त्यासाठी ओहोळाची नैसर्गिक वाट धरून चर मुरुमापर्यंत खोल न्यावा लागतो. वडाराची वाटणी येथे पुन्हा भेटते.

मात्र चर खणून काम संपत नाही. कडा ढासळतात, गाळ साचतो, त्यात पाणकणीस माजते, आणि दोन-चार पावसाळ्यांत खोल चर उथळ होऊन बसतो. तो दरसाल कोणी काढावा, हा तंटा ठरलेला. ज्याच्या शेतातून चर जातो त्याची जमीन मोडते. सुकी राहतात ती बहुधा वरच्या अंगाची शेते.